टीएसएच ७.८ आला, आता काय?

"माले थायरॉईड शे," असं आपल्या खान्देशात लोक सहज सांगून मोकळे होतात. खरं तर थायरॉईड प्रत्येकालाच असतं. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखरासारखी पसरलेली पंधरा-वीस ग्रॅमची ती ग्रंथी. बिघडतो तो तिच्या कामाचा वेग. आणि तो बिघडलाय की नाही, हे बहुतेक घरांत एका कागदावरून ठरतं.

समजा, चोपड्याच्या पस्तिशीतल्या एका ताईंनी थकवा येतो, केस गळतात म्हणून रक्त दिलं. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला: टी३ ११२, टी४ ७.९, टीएसएच ७.८. पहिले दोन आकडे साध्या अक्षरात, तिसरा ठळक आणि त्याच्यापुढे 'एच', म्हणजे 'हाय', जास्त. शेजारणीचं मत तयारच असतं, की आता गोळी जन्माची. हाच रिपोर्ट हातात धरून पुढे जाऊ.

टीएसएच म्हणजे थायरॉईड स्टिम्युलेटिंग हार्मोन, थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन. नावात थायरॉईड असलं तरी तो थायरॉईडमधून येत नाही. तो येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. केळीच्या बागेत मजूर घड कापत असतात आणि मुकादम बांधावर उभा असतो, तसा हा मामला. काम नीट चाललं असेल तर मुकादम अधूनमधून एखादी हाक मारतो. हात संथ पडले की त्याचा आवाज चढतो. मजुरांनी गरजेपेक्षा जास्त घड कापायचा सपाटा लावला तर तो गप्प बसतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. टी४ आणि टी३ म्हणजे कापून ठेवलेला माल. म्हणून टीएसएच वाढला याचा अर्थ ग्रंथी मंदावली. "थायरॉईड वाढलं" हे वाक्य ऐकून अर्ध्या लोकांची समजूत नेमकी उलटी होते.

या मुकादमाचा स्वभावही तापट आहे. रक्तातलं मोकळं टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होत नाही, तो शंभरपटीच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे मालात थोडी घट आली तरी आरडाओरडा भरपूर. त्यामुळे मर्यादा ४ आणि आकडा ७.८, म्हणजे रोग दुप्पट झाला, असा हिशेब लावू नये. उलट टी४ अजून कुठेही कमी दिसत नसताना टीएसएच आधीच बोलायला लागतो. म्हणून तर पहिली तपासणी त्याचीच करतात.

आता मालाकडे. टी४ मधले ४ आणि टी३ मधले ३ म्हणजे त्या रेणूत बसलेले आयोडीनचे अणू. ग्रंथी रोज साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी४ तयार करते. टी३ ती थेट फार थोडं देते. शरीरातलं सुमारे ८० टक्के टी३ यकृत, मूत्रपिंड आणि इतर अवयवांत टी४ मधला एक आयोडीन काढून तयार होतं. पेशींत प्रत्यक्ष काम करतं ते टी३. टी४ हा साठा आहे, आणि तो सावकाश संपतो: रक्तातलं टी४ निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. टी३ एका दिवसात निम्मं होतं. हे सात दिवस लक्षात ठेवा, गोळीच्या वेळी ते कामाला येतील.

आणखी एक गुंता. रक्तातलं टी४ जवळजवळ सगळं प्रथिनांना चिकटून फिरतं. मोकळं असतं ते दहा हजारांत तीन भाग, आणि काम फक्त त्या मोकळ्या भागाचं. रिपोर्टवर नुसतं 'टी४' असेल तर तो सगळा मिळून आकडा. 'फ्री टी४' किंवा 'एफटी४' असेल तर मोकळा. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ही प्रथिनं वाढतात, म्हणून एकूण टी४ वाढलेलं दिसतं आणि ग्रंथी मात्र ठणठणीत असते. स्वस्तातल्या पॅकेजमध्ये बहुधा एकूण टी३ आणि एकूण टी४ असतं. आमच्या मते आधी फक्त टीएसएच करावा, तो बाहेर असेल तर एफटी४. ग्रंथी मंदावल्याची शंका असताना टी३ ला पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही, कारण ग्रंथी बऱ्यापैकी खचेपर्यंत शरीर टी३ सावरून धरतं.

मर्यादा साधारण अशा: टीएसएच ०.४ ते ४ मिलीयुनिट प्रति लिटर, एफटी४ ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. एककाकडे नजर टाकायला विसरू नका. काही लॅब एफटी४ पिकोमोलमध्ये देतात. तिथे तोच १.२ चा आकडा १५.४ होतो. मागच्या रिपोर्टशी ताडून "तेरापट वाढलं" म्हणून घाबरायचं कारण नाही, एकक बदललंय. टीएसएचचं मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर आणि मिलीयुनिट प्रति लिटर मात्र एकच.

दंडापासून मशीनपर्यंत

रक्त साधारण तीन ते पाच मिलि, पिवळ्या किंवा लाल टोपणाच्या नळीत घेतात. जांभळ्या टोपणाची नळी असते ती सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीसाठी. पिवळ्या नळीच्या तळाशी जेल असतं. नळी अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये दहा-पंधरा मिनिटं फिरवायचं. लाल भाग जेलच्या खाली बसतो, वर गव्हाळ रंगाचं पाणी राहतं. ते सीरम. तपासणी त्याची होते.

धडगाव, अक्कलकुवा, यावल, पारोळा अशा ठिकाणी बऱ्याचदा नुसतं रक्त घेतलं जातं आणि मशीन असतं जळगाव, नाशिक किंवा थेट मुंबईला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना न फिरवलेली नळी दुचाकीच्या डिक्कीतून गेली तर काय होतं? थायरॉईडचे हार्मोन तसे चिवट आहेत, थोड्या उशिराने ते नासत नाहीत. त्याच नळीतली साखर आणि पोटॅशियम आधी बिघडतात: पेशी साखर खात राहतात म्हणून ती कमी दिसते, पेशी फुटतात म्हणून पोटॅशियम वाढलेलं दिसतं. म्हणून एकाच रिपोर्टवर साखर विचित्र कमी, पोटॅशियम विनाकारण जास्त आणि सोबत थायरॉईडचा अनपेक्षित आकडा असेल, तर नळीच्या प्रवासावर शंका घ्या आणि पुन्हा रक्त द्या. सेंटरवर विचारायला लाजू नका: सीरम इथेच वेगळं करता का, आणि बर्फाच्या डब्यातून, म्हणजे २ ते ८ अंशांत पाठवता का? रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात नमुना घेतल्याची आणि लॅबला पोहोचल्याची वेळ छापलेली असते, ती वाचता येते.

हार्मोन उन्हाला दाद देत नाही, पण अदलाबदलीपुढे काही चालत नाही. सकाळी गर्दीत आधी पाच जणांचं रक्त काढायचं आणि मग नावं चिकटवायची, ही खरी धोक्याची सवय. एकाच घरातल्या सासू-सुनेचं रक्त एकदम दिलं असेल तर जास्तच. तुमच्यासमोर तुमच्या नळीवर तुमचं नाव आणि वय लागलं की मगच खुर्चीवरून उठा.

मशीनमध्ये अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं, वापरून हार्मोन मोजतात. प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी, म्हणून एकच सीरम दोन मशीनवर वेगळा आकडा देतं आणि मर्यादाही वेगळ्या छापल्या जातात, कुठे ०.२७ ते ४.२, कुठे ०.३५ ते ५.५. ताडायचं असेल तर लॅब तीच ठेवा. फक्त आकडा आणि माणूस अजिबात जुळत नसेल, तेव्हा मुद्दाम दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर करून बघतात.

तुमच्या बाजूने काय चुकतं

टीएसएच दिवसभर सारखा नसतो. रात्री दोन ते चारच्या सुमारास तो सर्वांत वर असतो आणि दुपारनंतर सर्वांत खाली. सकाळी आठला ५.२ आणि दुपारी चारला ३.८ हे एकाच निरोगी माणसात होऊ शकतं. जेवल्यावरही तो थोडा उतरतो. उपाशीपोटी यायची सक्ती नाही, पण वेळ आणि पोटाची स्थिती दर वेळी तीच ठेवा; सकाळी, चहाच्या आधी, हे सर्वांत सोपं. एवढं करूनही आकडा हलतोच. दोन टीएसएचमध्ये ४० टक्क्यांहून कमी फरक असेल तर त्याला सुधारणा किंवा बिघाड म्हणू नये. ७.८ वरून ६.१ म्हणजे जैसे थे. ४.१ वरून ५ म्हणजेही जैसे थे, जरी दुसऱ्याच्या पुढे 'एच' उमटला तरी.

केस गळतात म्हणून तपासणीला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी आधीच घेत असतात. गोची इथेच होते. बरीच मशीन्स अँटिबॉडी पकडून ठेवायला बायोटिनचाच चिमटा वापरतात. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की तो चिमटा अडतो: टीएसएच खोटा कमी दिसतो, एफटी४ आणि एफटी३ खोटे जास्त. कागदावर चित्र थेट ग्रंथी भडकल्याचं, आणि माणूस धडधाकट. ५ ते १० मिलीग्रॅमची गोळी असेल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. त्याहून मोठा डोस असेल तर जास्त दिवस, डॉक्टरांना विचारून. 'हेअर, स्किन, नेल' असं लिहिलेल्या डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

डेंग्यू, टायफॉईड, न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन अशा काळात थायरॉईड तपासूच नये, ग्रंथीच्याच आजाराची ठोस शंका नसेल तर. आजारात शरीर टी३ कमी करून खर्च आवरतं. बरं होताना टीएसएच उसळून १० च्या, क्वचित २० च्या जवळ जातो आणि मग आपोआप खाली येतो. नेमका त्या उसळीत रिपोर्ट काढला की निरोगी ग्रंथीला गोळी लागते. बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा. स्टिरॉईड, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, मानसिक आजारासाठीचं लिथियम यांपैकी काही चालू असेल तर ते आधीच सांगा.

आकड्यांची जोडी

टीएसएच जास्त आणि एफटी४ कमी: ग्रंथी खरोखर मंदावली, उपचार हवाच. टीएसएच अगदी खाली, ०.१ पेक्षा कमी, आणि एफटी४ किंवा टी३ जास्त: ग्रंथी भडकली. इथे लगेच गोळी सुरू न करता कारण शोधतात, कारण ग्रेव्हज आजारात (शरीराच्याच अँटिबॉडी ग्रंथीला चेतवतात तो) ग्रंथी हार्मोन जास्त तयार करत असते, आणि तापानंतरच्या किंवा बाळंतपणानंतरच्या सुजेत ती फक्त साठवलेलं बाहेर सांडत असते. सांडणाऱ्या ग्रंथीला उत्पादन थांबवणारं कार्बिमॅझोल देऊन उपयोग नाही. ज्यांना कार्बिमॅझोल चालू आहे त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ताप आला, घसा दुखला, तोंड आलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करायची, कारण क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. आणि उपचार लागू पडला तरी टीएसएच आठवडे-महिने झोपलेलाच राहतो. तेवढा काळ एफटी४ आणि टी३ वर भरवसा ठेवायचा.

तिसरी जोडी फसवी: एफटी४ कमी, आणि टीएसएच मात्र मर्यादेत किंवा कमी. मुकादमच आजारी. बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेल्या बाईला नंतर दूध आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, वर्षानुवर्षं अशक्तपणा जात नाही, अशी हकीकत असेल तर पिट्युटरीचं नुकसान झालेलं असू शकतं. नुसता टीएसएच केला तर रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि तिला टॉनिक देऊन घरी पाठवलं जातं. इथे कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉईड, आधी तपासतात. ते कमी असेल तर आधी स्टिरॉईड, मग थायरॉईडची गोळी; क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकतं.

चौथी जोडी आपल्या चोपड्याच्या ताईंची: टीएसएच थोडा जास्त, टी४ बरोबर. लगेच गोळी नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये सकाळी टीएसएच, एफटी४ आणि एकदाच अँटी-टीपीओ. अनेकांचा टीएसएच तोवर स्वतःहून मर्यादेत येतो. अँटी-टीपीओ जास्त म्हणजे शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर चालून जातंय, पुढे ती मंदावण्याची शक्यता जास्त. पण ही तपासणी दरवर्षी परत करायची गरज नाही, तिच्या आकड्यावर औषध ठरत नाही. टीएसएच दुसऱ्यांदाही १० च्या वर असेल, किंवा मूल हवं असेल, तर उपचाराकडे कल झुकतो. सत्तरीपुढच्या आजोबांचा ६ हा आकडा वयामानाने चालून जातो; त्यांना गोळी लावून छातीत धडधड ओढवून घेण्यात शहाणपण नाही. आणि ताईंचा थकवा? हिमोग्लोबिन आणि बी१२ आधी पाहा. ७.८ च्या टीएसएचपेक्षा ८ चं हिमोग्लोबिन माणसाला जास्त थकवतं.

गोळी

लेव्होथायरॉक्सिन म्हणजे तेच टी४. ग्रंथी पूर्ण बंद असेल तर रोज वजनाच्या किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १०० च्या आसपास. म्हातारपणी किंवा हृदयविकार असेल तर १२.५ किंवा २५ पासून सुरुवात. पहाटे उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहाला अर्धा ते एक तास थांबायचं. पाचला दुधाचा चहा पिऊन शेतात निघणाऱ्यांना हे जमत नाही, मग ते गोळी चहाबरोबरच घेतात आणि डोस वाढत जातो. त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी, तेही चालतं. उपवासाच्या दिवशी गोळी सुटू देऊ नये. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर पोटातच त्या हिला धरून बसतात. कोबी-फ्लॉवर शिजवून खुशाल खा.

डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच करू नका. टी४ चे ते सात दिवस इथे येतात: नवीन पातळी स्थिर व्हायलाच पाच-सहा आठवडे जातात आणि मुकादमाला ते पटायला आणखी थोडे. पंधरा दिवसांत तपासून पुन्हा डोस वाढवला की दोन महिन्यांनी धडधड, घाम, झोप उडणं असं सगळं एकदम येतं. तपासणीच्या सकाळी आधी रक्त, मग गोळी. गोळीनंतर काही तास एफटी४ वर चढलेलं असतं. आणि आदल्या आठवड्यात गोळ्या बुडवून शेवटचे तीन दिवस नेमाने घेतल्या तर एफटी४ चांगलं, टीएसएच मात्र वरच, असा रिपोर्ट येतो. डॉक्टर तो बघूनच ओळखतात.

खान्देशातल्या उन्हाळ्याचा खरा फटका रक्ताच्या नळीपेक्षा या गोळीला बसतो. बाटलीवर साठवणीचं तापमान लिहिलेलं असतं; पत्र्याच्या घरात दुपारी त्याहून किती तरी जास्त होतं. गोळीतलं टी४ उष्णता, उजेड आणि ओल तिन्हीने कमजोर होतं. बाटली मूळचीच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी फेकून देऊ नका, गोळ्या स्टीलच्या डबीत ओतून चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका. घरातली सर्वांत थंड खोली, बंद कपाट. डोस तोच, सवयी त्याच, तरी मे-जूनमध्ये टीएसएच चढला तर डोस वाढवण्याआधी नवी बाटली सुरू करून सहा आठवड्यांनी पुन्हा बघायला सांगा.

पोटातलं आणि हातातलं बाळ

पहिल्या तीन महिन्यांत वारेतून येणारा गरोदरपणाचा हार्मोन आईच्या ग्रंथीला स्वतःच हाकारतो, म्हणून टीएसएच एरवीपेक्षा खाली उतरतो. तो थोडा कमी दिसला तर घाबरायचं नाही. वरची मर्यादा मात्र या काळात सुमारे ४ धरतात. लॅबने गरोदरपणाची वेगळी मर्यादा छापली असेल तर ती वापरायची. गोळी आधीपासून चालू असलेल्या बाईने दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना गाठावं, कारण डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. सोपी रीत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. अर्ध्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, मग तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. आशाताई देतात त्या लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम घ्यायचंच, पण दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला वाटून.

बाळाची तपासणी वेगळीच. जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाचा टीएसएच ६०-८० पर्यंत उसळतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. म्हणून रक्त एकतर जन्मतानाच नाळेतून घ्यायचं, नाहीतर ४८ ते ७२ तासांनी टाचेतून. मधल्या वेळी घेतलं तर चांगल्या बाळाचाही आकडा धडकी भरवतो. भारतात साधारण हजारभर जन्मांमागे एका बाळाची ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. पहिल्या आठवड्यांत ते बाळ वरून अगदी छान दिसतं, फार तर जास्त झोपाळू, कावीळ रेंगाळलेली, शौचाला कडक. दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ वाचते. उशीर झाला तर ते नुकसान भरून निघत नाही. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यायची, बाटलीभर दुधात नाही, कारण बाळ सगळं पिईलच असं नसतं. बाळंतीण माहेरी, मोबाईल सासरी आणि रिपोर्ट लॅबमध्ये, असं होऊन आठवडे जातात. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधी कागदावर माहेरचा नंबर लिहून द्या, आणि रिपोर्ट आणायला कोण जाणार ते तिथेच ठरवा.